जास्वंद, अमीबा आणि 'मी जातो-जाते'

'उभयलिंगी' शब्द ऐकला की शाळेत विज्ञान शिकलेल्या मराठी माणसाला आधी जास्वंद आठवतं. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात, म्हणून जास्वंद उभयलिंगी. पपईचं फूल एकलिंगी. मग गांडूळ. आता याच माणसाने पेपरात 'उभयलिंगी व्यक्ती' असं वाचलं तर तो काय समजेल? हिला दोन्ही अवयव असणार, हेच. बातमी लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की या व्यक्तीला पुरुषांबद्दलही ओढ वाटू शकते आणि स्त्रियांबद्दलही. शरीररचनेचा तिथे काही संबंध नाही. 'अलैंगिक'चं तेच. अलैंगिक प्रजनन म्हणजे अमीबा मधोमध दुभंगतो ती आकृती. माणसाच्या बाबतीत मात्र अलैंगिक म्हणजे ज्यांना कुणाबद्दलच लैंगिक ओढ वाटत नाही किंवा फार क्वचित वाटते असे लोक. प्रेम त्यांनाही होतं, जोडीदार त्यांनाही हवासा वाटू शकतो.

म्हणजे मराठीत लिंग आणि लैंगिकता या विषयाची गडबड अज्ञानाच्याही आधी शब्दांपाशी सुरू होते. सगळ्यात जास्त राबवलेला शब्द 'लिंग'. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ खूण, चिन्ह. आपण त्याच्याकडून चार कामं करून घेतो: पुरुषाचा अवयव, नर-मादी हा शारीरिक भेद, व्याकरणातलं पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग, आणि सरकारी फॉर्मवरचा तो रकाना. शंकराची पिंडी यातून वगळली तरी चार. वर्गात शिक्षकांनी 'लिंग ओळखा' म्हटलं की मागच्या बाकांवर हसू फुटतं ते उगाच नाही.

तेव्हा आधी गाठोडं सोडू. पहिली गोष्ट शरीर: गुणसूत्रं, ग्रंथी, संप्रेरकं, आतले आणि बाहेरचे अवयव. यातले फक्त बाहेरचे अवयव बघून सुईण किंवा डॉक्टर 'मुलगा' किंवा 'मुलगी' म्हणतात आणि तेच जन्मदाखल्यावर चढतं. दुसरी गोष्ट लिंगभाव: मी पुरुष आहे, स्त्री आहे, दोन्ही किंवा दोन्हींपैकी काहीच नाही, ही स्वतःची स्वतःला असलेली जाणीव. तिसरी म्हणजे अभिव्यक्ती: कपडे, केस, चालणं, आवाज, हातवारे. चौथी, लैंगिक कल: ओढ कुणाबद्दल वाटते. या चारांतल्या एकावरून दुसरी ठरत नाही. ट्रान्स पुरुषाला, म्हणजे जन्मदाखल्यावर मुलगी पण मनाने पुरुष असलेल्याला, पुरुष आवडू शकतात; ट्रान्स स्त्रीला, म्हणजे याच्या उलट, स्त्रिया. 'मग लिंग बदलायचं कशाला, तसंच राहून जमलं असतं की' हा प्रश्न हमखास येतो. त्यात दुसरी आणि चौथी गोष्ट एक धरलेली असते. आपण कोण आहोत हे आपल्याला कोण आवडतं त्यावरून ठरत नसतं.

'लिंगभाव' या शब्दाची एक वेगळी भानगड आहे. स्त्री-अभ्यासाच्या वर्गात तो शब्द समाजाने स्त्री-पुरुषांना वाटून दिलेल्या भूमिकांसाठी वापरतात: भाकऱ्या कुणी थापायच्या, सातबाऱ्यावर नाव कुणाचं. एलजीबीटी संस्थांच्या मराठी पुस्तिकांत तोच शब्द स्वतःच्या आतल्या जाणिवेसाठी येतो. दोन्ही वापर रूढ आहेत आणि एकाच परिसंवादात दोन वक्ते तो दोन अर्थांनी वापरून एकमेकांशी कडाडून भांडू शकतात. मी इथे दुसरा अर्थ धरतो आहे.

'कल' हा शब्द मात्र छान सापडलाय. 'लैंगिक आवड' म्हटलं की ती बदलता येईल, मेथीऐवजी पालक खाता येईल, असा भास होतो. कल म्हणजे झुकाव. पाणी उतारावरून जातं तसा. मतमोजणीच्या दिवशी सकाळी 'सुरुवातीचे कल' येतात, तोच शब्द. पुरुषाने स्त्रीशी लग्न केलं, दोन मुलं झाली, म्हणून कल बदलला असं होत नाही.

इथे पाचवी गोष्ट शिरते: वर्तन. एचआयव्हीच्या कामात 'एमएसएम' म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, असा शब्द वापरतात, तो याचसाठी. अनेक पुरुष पुरुषांशी संबंध ठेवतात, घरी बायको-मुलं असतात, आणि ते स्वतःला 'गे' म्हणवून घेत नाहीत; कित्येकांना तो शब्द आपल्यासाठी आहे असं वाटतही नाही. 'गे पुरुषांनी तपासणी करून घ्या' अशी पाटी लावली तर ते थांबणारच नाहीत. उलट बाजूला असेही लोक असतात ज्यांचा कल त्यांना पक्का माहीत आहे, पण आयुष्यात कुणाचा हातही धरलेला नाही. 'अनुभव नाही तर तुला कसं कळलं?' असं त्यांना विचारतात. मुलींकडे कल असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला हे कुणी विचारत नाही.

अभिव्यक्तीबद्दल मराठी माणसाला तरी जास्त समजावून सांगायला नको. नारायण श्रीपाद राजहंस (1888-1967) म्हणजे बालगंधर्व. त्यांनी नेसलेल्या शालूंची नक्कल घराघरातल्या बायका करत, आणि म्हणून त्यांना कुणी स्त्री समजलं नाही. तमाशापटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ होते, तरी पडद्यावरचा नाच्या लोकांनी त्यांच्या अंगाला चिकटवला. बायकी चालणारा मुलगा गे असतो आणि बुलेट चालवणारी मुलगी लेस्बियन असते, हा समज त्याच जातीचा. पकडला जातो तो बायकी चालणारा, मग त्याचा कल काहीही असो. आणि पुरुषी दिसणारा गे मुलगा वर्गात कुणाच्या लक्षातही येत नाही.

'तृतीयपंथी' हा शब्द सरकारी कागदांत ट्रान्सजेंडरसाठी सरसकट वापरला जातो. तो शिवी नाही, एवढं त्याचं पुण्य. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतात त्या सिग्नलवर टाळी वाजवणाऱ्या हिजडा समाजातल्या व्यक्तीच. हिजडा ही एक परंपरा आहे, तिच्यात गुरू-चेला नातं आहे, घराणी आहेत, नियम आहेत. प्रत्येक ट्रान्स स्त्री त्या परंपरेत जातेच असं नाही. जोगते वेगळे, ते यल्लमा देवीला वाहिलेले, तिच्या कर्नाटकातल्या सौंदत्तीशी जोडलेले, डोक्यावर 'जग' म्हणजे देवीची टोपली घेऊन फिरणारे. आणि ट्रान्स पुरुष, त्याचं काय? तो 'तृतीयपंथी'त धड बसत नाही, त्याच्यासाठी परंपरेत घराणं नाही, गुरू नाही, टाळीही नाही. त्यामुळे तो लोकांच्या हिशेबातूनच निसटतो. 'पारलिंगी' हा शब्द हळूहळू रुळतोय, पण बोलताना बहुतेक जण 'ट्रान्स'च म्हणतात, आणि त्यात काही बिघडत नाही. नागपूरच्या माणसाने 'स्टेशन' म्हटल्यावर आपण त्याला 'स्थानक' म्हणायला लावत नाही.

आता शरीराकडे, कारण तिथे चूक झाली तर ती शस्त्रक्रियेच्या टाक्यांनी होते.

मुलगी पंधरा वर्षांची झाली, छातीची वाढ नीट झाली आहे, पण पाळी आलेली नाही. आई आधी 'येईल, आमच्याकडे उशिराच येते' म्हणते. पंधरा पूर्ण होऊनही पाळी नाही, किंवा तेरा वर्षांपर्यंत छातीची वाढ सुरूच नाही, तर थांबू नये, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. पोटाची सोनोग्राफी होते, रक्तातली संप्रेरकं बघतात, आणि गरज वाटली तर गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरियोटाइप. तिचा अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. कधी कळतं की गर्भाशय तयारच झालेलं नाही, गुणसूत्रं मात्र एक्सएक्स, म्हणजे बहुतेक स्त्रियांत असतात तशीच. हे साधारण 4,500 ते 5,000 मुलींमागे एकीत असतं. कधी अहवालात एक्सवाय येतं, जे बहुतेक पुरुषांत असतं. शरीरात वृषणं आहेत, ती पोटात किंवा जांघेत आहेत, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक भरपूर आहे, पण पेशींना ते ओळखताच येत नाही, म्हणून शरीर स्त्रीचंच घडलं. याला अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी म्हणतात. कधी कधी ते तान्हेपणीच, हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी लक्षात येतं.

याच टप्प्यावर कुणीतरी आईबापांना सांगून मोकळं होतं: 'तुमची मुलगी खरं तर मुलगा आहे.' हे चूक आहे, शास्त्रानेही चूक. एक्सवाय हा गुणसूत्रांचा अहवाल आहे, ओळखीचा दाखला नाही. पंधरा वर्षं मुलगी म्हणून जगलेली, स्वतःला मुलगीच मानणारी व्यक्ती त्या कागदाने मुलगा होत नाही. तिला सांगायचं ते नीट सांगावं: तुझ्या शरीरात गर्भाशय नाही, पाळी येणार नाही, मूल पोटात वाढवता येणार नाही, बाकी तू आहेस तीच आहेस. आतल्या वृषणांचं काय करायचं हाही घाईने ठरवायचा विषय नव्हे. पूर्वी ती लवकर काढून टाकत. आता बहुधा वयात येण्याची वाढ पूर्ण होईपर्यंत ठेवतात, कारण त्यांच्याच संप्रेरकाचं शरीरात इस्ट्रोजेन होऊन ती वाढ होत असते, आणि त्या वयाआधी कर्करोगाचा धोका कमी असतो. काढली की पुढे संप्रेरकाच्या गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर हाडं ठिसूळ होतात.

अशा सगळ्या शरीररचनांना मिळून इंटरसेक्स म्हणतात. मराठीत 'आंतरलिंगी' किंवा 'द्विलिंगी'. यातल्या काही तर बाहेरून कळतही नाहीत. एक्सएक्सवाय असलेले पुरुष साधारण 500 ते 1,000 पुरुषांमागे एक असतात, आणि त्यातल्या अनेकांना ते कळतं मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर. जननेंद्रियं स्पष्ट नसलेलं बाळ जन्मलं तर 'बारशाच्या आत काहीतरी करून टाका' असा घरच्यांचा धोशा असतो. लघवीला अडथळा असेल किंवा जिवाला धोका असेल तर उपचार तातडीने व्हायलाच हवेत. काही बाळांत अधिवृक्क, म्हणजे मूत्रपिंडावरच्या, ग्रंथीचा विकार असतो आणि मीठ-पाण्याचं संतुलन ढासळून बाळ दगावू शकतं, ते आधी तपासावं. पण निव्वळ दिसायला 'नीट' व्हावं म्हणून केलेली शस्त्रक्रिया थांबू शकते. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये अशा शस्त्रक्रियांवर बंदी घालायला तमिळनाडू सरकारला सांगितलं आणि सरकारने त्याच वर्षी आदेश काढला. त्याच राज्याने 2022 मध्ये या विषयातल्या सन्मानाने वापरायच्या तमिळ शब्दांची यादीही राजपत्रात छापली. मराठीत जास्वंदीचा घोळ निस्तरायला असं काही व्हायला हवं, असं आपलं माझं मत.

शब्द बदलले तरी मराठीत एक जागा अशी आहे जिथून सुटका नाही: क्रियापद. इंग्रजीत 'मी' म्हणणाऱ्याचं लिंग वाक्यात दिसत नाही. मराठीत 'मी जातो' की 'मी जाते' हे दर दुसऱ्या वाक्याला ठरवावं लागतं. ट्रान्स मुलाच्या घरी कुणी काही विचारलेलं नसतं, त्याने काही जाहीर केलेलं नसतं, आणि 'मी जेवलो' एवढं तोंडातून निसटलं की ताटावरचे सगळे हात थांबतात.

म्हणून बरेच जण एक कसरत शिकतात. भविष्यकाळ सोयीचा: 'मी जाईन, मी करीन' यात लिंग नाही. 'मी जात आहे' असं पूर्ण म्हटलं तर नाही. 'जातोय-जातेय' केलं की आलंच. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ मदतीला येतो, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं: 'मी चहा घेतला, मी भाकरी खाल्ली, मी पत्र लिहिलं.' पण इथे खड्डे आहेत. 'मी चहा घेतला' सुरक्षित, 'मी चहा प्यायलो-प्यायले' नाही. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, जेवणे ही क्रियापदं कर्त्यालाच धरून चालतात. मग 'विसरलो' ऐवजी 'लक्षात राहिलं नाही', 'जेवलो' ऐवजी 'जेवण झालं', 'दमलो' ऐवजी 'जीव गेला', 'करू शकतो' ऐवजी 'मला जमेल'. सगळ्यात अवघड 'होतो-होते'. 'मी घरी होतो' याला सोपी पळवाट नाही. 'कुठे बाहेर जाणं झालं नाही' असं काहीतरी जुळवावं लागतं. असं दिवसभर बोलून बघा. प्रत्येक वाक्याआधी अर्धा सेकंद अडखळायला होतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा काहीतरी लपवतोय.

समोरच्याशी बोलताना मात्र मराठी बरीच उदार आहे, आणि हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. 'तू आलास-आलीस' मध्ये लिंग आहे, 'तुम्ही आलात' मध्ये नाही. 'तुम्ही कुठे राहता, काय करता, कधी निघालात' सगळं मोकळं. फक्त 'कसे आहात-कशा आहात' इथे विशेषण आडवं येतं. तिथे 'कसं काय? बरंय ना?' म्हणावं. 'जेवलास का-जेवलीस का' च्या जागी 'जेवण झालं का?' हे तर आपण एरवीही विचारतो. हाक मारताना 'अरे-अगं' दोन्ही टाळून 'अहो' किंवा नुसतं नाव. निरोप घेताना 'येऊ का?' यात जाणाऱ्याचं लिंग कुठेच नाही. अनोळखी माणसाच्या लिंगभावाचा अंदाज लागत नसेल तर तुम्ही-अहो धरून चाललं की निम्मं काम झालं, आणि कुणाला आपण खास सवलत दिली असंही वाटत नाही.

तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना 'तो' आणि 'ती'. ट्रान्स पुरुष असेल तर 'तो', ट्रान्स स्त्री असेल तर 'ती'. यात वादाला जागा नाही. जे स्वतःला दोन्हींत बसवत नाहीत त्यांच्यासाठी काही जण 'ते' वापरतात. इथे एका अनुस्वाराने घात होतो. 'ते आले' हे आदरार्थी बहुवचन, आपण सासऱ्यांबद्दल, सरांबद्दल बोलतो तसं. 'ते आलं' हे नपुंसकलिंगी एकवचन, आणि मोठ्या माणसाला ते लावलं की तो अपमान आहे. सिग्नलवर 'ते बघ आलं' म्हणणाऱ्याला ते चांगलं माहीत असतं. सोपा उपाय म्हणजे विभक्ती लावलेली रूपं वापरणं: 'त्यांनी फोन केला, त्यांना सांगा, त्यांचं काम झालं.' यात पुरुष-स्त्री काही नाही. धाकट्या भावंडाबद्दल 'त्यांनी' म्हणणं घरात विचित्र वाटतं हे खरं. तिथे नावच पुन्हा पुन्हा घ्यावं.

नपुंसकलिंग मुळातच वाईट असतं असंही नाही, बरं का. 'आमचं लेकरू' नपुंसकलिंगी आहे आणि त्याहून मायेचा शब्द नाही. जुन्या पिढीतले गृहस्थ बायकोला 'आमचं कुटुंब' म्हणत. मालवणी-कोंकणीत तरुण मुलगी म्हणजे 'चेडूं', तेही नपुंसकलिंगी. 'व्यक्ती' स्त्रीलिंगी, मग तो पैलवान का असेना. ज्ञानदेवांना आपण 'माउली' म्हणतो आणि वारीत पुरुष पुरुषाला 'माउली' म्हणून वाट मागतो. कोल्हापूरच्या मुली 'मी आलो, मी जातो' म्हणतात. पुण्यात हॉस्टेलवर त्यांची थट्टा होते, पण त्यांचं मुलगीपण कुणी काढून घेत नाही. भाषेतलं लिंग आणि माणसाचं लिंग ही दोन वेगळी खाती आहेत, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. तरी ट्रान्स मुलाने 'मी आलो' म्हटलं की व्याकरण आठवतं.

चूक होणारच. पंचवीस वर्षं 'ती' म्हणत आलेल्या आईच्या तोंडात एका आठवड्यात 'तो' बसत नाही. चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्त करून पुढे जावं: 'ती आली... तो आला, आणि म्हणाला की...' बस. 'अरे देवा, चुकले, माझ्या लक्षातच राहत नाही बघ' असा पाच मिनिटांचा खुलासा सुरू झाला की शेवटी त्यालाच आईची समजूत काढावी लागते. जुन्या आठवणी सांगतानाही आताचंच लिंग वापरावं: 'लहानपणी तो झाडावर चढायचा.' 'ती असताना चढायची' नको, जोवर तो स्वतः तसं म्हणत नाही. आणि एक गोष्ट विसरू नका: मित्रांत 'तो' असलेला मुलगा घरी अजून 'ती' असू शकतो. त्याच्या घरी फोन करून उत्साहाने 'तो आहे का?' विचारलंत तर त्याचं गुपित तुम्ही फोडलंत. 'घरच्यांसमोर कसं बोलू?' हे आधी विचारून ठेवायचं.

कुणी आपल्याला सांगितलं, मी गे आहे, किंवा मी ट्रान्स आहे, तर पहिलं वाक्य साधं असू द्या: 'सांगितलंस, बरं झालं.' मग विचारायचं ते हे: आणखी कुणाला माहीत आहे, कुणाला कळता कामा नये, कुठल्या नावाने हाक मारू. अवयवांबद्दल, ऑपरेशनबद्दल विचारू नये. आपण कुठल्या काकांना त्यांच्या प्रोस्टेटबद्दल पंगतीत विचारत नाही. नेहमी बिघडतं ते पुढे. आई विश्वासाने मावशीला सांगते, मावशी 'फक्त यांनाच' सांगते, आणि दिवस मावळेपर्यंत अख्ख्या भावकीत पसरतं. मग 'लग्न करून दिलं की ठिकाणावर येईल' हा उपाय निघतो. लग्नाने कल बदलत नाही. एकाऐवजी दोन माणसं अडकतात, आणि त्यातल्या दुसरीला कुणी विचारलेलंच नसतं.

डॉक्टरकडे न्यायचं असेल तर मुलाची समजूत घालण्यासाठी नेऊ नये. अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1973 मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 ला. जागतिक आरोग्य संघटनेच्याच 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या यादीत ट्रान्स असणंही मनोविकारांच्या प्रकरणात राहिलेलं नाही. 'बदलून देतो' म्हणणारे उपचार हा डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारावं: 'कल किंवा लिंगभाव बदलतो असं तुम्ही मानता का?' उत्तर 'प्रयत्न करून बघू' आलं तर फी देऊन उठावं. नैराश्य, झोप न लागणं, जीव द्यावासा वाटणं यासाठी मात्र मानसोपचारतज्ज्ञ हवेतच, ते वेगळं दुखणं आहे.

लपून केलेले घरगुती उपाय हा खरा धोका. ट्रान्स मुली मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला तीन-चार घेतात. त्यांतल्या इस्ट्रोजेनच्या प्रकाराने रक्ताच्या गुठळ्या होतात, त्या फुप्फुसात गेल्या तर जीव जातो; सिगारेट ओढणाऱ्यांना धोका आणखी. शिवाय आवाज त्याने बदलत नाही, त्यासाठी आवाजाचा सराव करावा लागतो. ट्रान्स मुलं छाती सपाट दिसावी म्हणून क्रेप बँडेज गुंडाळतात. ते श्वासागणिक आवळत जातं, बरगड्या दुखावतात. मापाचा बाइंडर, म्हणजे छाती सपाट करणारा खास कपडा, घ्यावा, सलग आठ तासांच्या वर घालू नये, झोपताना आणि व्यायाम करताना काढावा. टेस्टोस्टेरॉनने आवाज काही महिन्यांत फुटतो आणि औषध बंद केलं तरी परत बारीक होत नाही, हे सुरू करण्याआधी माहीत असावं.

कायद्याचं थोडक्यात. लिंगाची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 ला मान्य केला. 6 सप्टेंबर 2018 ला सज्ञानांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 377 मधून वगळले. 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तो विषय संसदेचा म्हणून. म्हणजे सोबत राहणं गुन्हा नाही, पण नवरा-नवरा म्हणून नोंदणी नाही. अशा जोडप्यांनी मृत्युपत्र आणि बँकेतलं नामनिर्देशन लवकर उरकून घ्यावं. मानसिक आरोग्य कायद्याखाली आपला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून जोडीदाराचं नाव लिहून ठेवता येतं, तेही करावं. नाहीतर अडीनडीला सगळं रक्ताच्या नात्यांच्या हातात जातं, आणि ती नाती कधीच तोडून गेलेली असतात.

लैंगिक प्रश्न मराठीत उघडपणे बोलायला काही आपण पहिले नाही. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' हे मासिक 1927 ते 1953 चाललं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात छापील उत्तरं मिळत, आणि त्यावरून 1934 साली झालेल्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. आपल्याकडे शब्द कमी पडत असतील, सुरुवात नाही.

नात्यांच्या हाका मात्र घरातच सोडवाव्या लागतात. 'आत्या'चा 'काका' झाला तर भाच्यांना सरळ सांगावं. लहान मुलं दोन दिवसांत शिकतात, अडतात ते मोठे. पत्रिकेत 'कु.', 'सौ.', 'चि.' यांचा घोळ वाटला तर नुसतं पूर्ण नाव छापावं, छापखान्याला काही फरक पडत नाही. भाऊबीजेला पाटावर कोण बसणार हा प्रश्न आयत्या वेळी, निरांजन लावून झाल्यावर, सगळ्यांसमोर काढू नये. दोन दिवस आधी फोन करायचा आणि विचारायचं: 'तुला ओवाळू, की तू ओवाळशील?'